उजेडाचं पाप कुणाच्या माथी?

आमच्या ग्वाल्हेरला समुद्र नाही. तिघऱ्याचं धरण आहे, मुरैन्याच्या बाजूला चंबळ आहे, तिच्यात घडियाल आहेत. लष्करात जन्मलेल्या आणि लष्करातच सासर मिळालेल्या कित्येक बायांनी खारं पाणी फक्त मुंबईच्या लग्नाला गेल्यावर टॅक्सीतून पाहिलेलं असतं. पण समुद्रावर रात्री काय पाप चालतं याबद्दलचं मत मात्र प्रत्येकीकडे तयार. दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या मंडळाच्या मोबाइल गटावर दयेचा पूर येतो. यंदा त्या पुरात एक चित्रफीत वाहून आली. समुद्रात शिरलेला एक धक्का, काळोख, काठीला टांगलेला पांढराफेक दिवा, आणि एक माणूस हातातल्या दोरीला हिसके देतोय. थोड्या वेळानं दोरीबरोबर वर येतं एक ओलं, लांबट, मऊ जनावर. त्याच्या अंगावर तांबूस ठिपके उमटतात, विझतात, पुन्हा उमटतात आणि ते काळी शाई थुंकतं. खाली हिंदीत लिहिलेलं, "देखिए इन राक्षसों को." त्याखाली जोडलेल्या हातांची भलीमोठी रांग.

मला त्या रांगेत हात जोडायचे नाहीत. का नाही, ते सविस्तर सांगते. एक-दोघींना राग येईल, येऊ दे.

आधी ते जनावर. कोकणात त्याला माकूल म्हणतात, गोव्यात माणकी. माझं माहेर सांगलीकडचं, मावसबहीण रत्नागिरीत दिलेली, म्हणून नाव तरी माहीत. किळस आली तरी वाचा, ज्याला आपण पाप म्हणतो ते नेमकं काय असतं एवढं तरी ठाऊक असावं. माकूल हा मासा नाही. त्याला काटा नाही, खवले नाहीत. शंख-शिंपल्यांच्या कुळातलं ते, फक्त बाहेरचं कवच टाकून दिलेलं. तीन हृदयं, निळसर रक्त, आठ हात आणि दोन लांब शुंडा. आयुष्य जेमतेम वर्षभराचं, अंडी घातली की संपलं. आणि डोळे! अंगाच्या मानानं एवढे मोठे डोळे फार थोड्या प्राण्यांना असतील.

त्या डोळ्यांवरच सगळी शिकार उभी आहे. दिवा पाण्यावर धरला की आधी बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे छोटी मासळी, आणि मग उजेड-सावलीच्या सीमेवर, काळोखाच्या बाजूला, माकूल येऊन दबा धरतं. माणूस दोरीला बांधून सोडतो तो कोळंबीच्या आकाराचा रंगीत तुकडा. त्याला खायचं काही लावलेलं नसतं. शेपटीशी वर वळलेल्या आकड्यांची झालर. दोरीला हिसका दिला की ती खोटी कोळंबी उडी मारल्यासारखी हलते, माकूल झडप घालतं, हात आकड्यांत अडकतात.

आता मला सांगा, पाठशाळेत आपण काय शिकलो? एकेका इंद्रियाच्या नादानं कोण मरतं? स्पर्शानं हत्ती, रसानं मासा, गंधानं भुंगा, रूपानं पतंग, शब्दानं हरिण. माकूल राहतं माशाच्या पाण्यात आणि मरतं पतंगाच्या मरणानं. गळाला चव नाहीच, आहे तो उजेड आणि आकार. शंख आपल्या शास्त्रात दोन इंद्रियांच्या यादीत आहे. त्याच्याच कुळातल्या या भावंडाला एवढे डोळे असताना मी तरी त्याला त्या यादीत बसवणार नाही. पंडितजींनी बसवावं हवं तर. मला एवढं दिसतं की ते बघतं, भुलतं आणि तडफडतं. तेव्हा कुणी असं समजू नये की मी धक्क्यावरच्या माणसाच्या कर्माला पुण्य म्हणते आहे. हिंसा ती हिंसाच.

पण राक्षस?

मावसबहिणीचं घर मिरकरवाडा बंदरापासून फार लांब नाही. तिच्या गच्चीतून रात्री समुद्र दिसतो. ती सांगते, पूर्वी होड्यांचे मिणमिणते दिवे दिसायचे, आता हंगामात क्षितिजावर गाव वसल्यासारखा झगमगाट असतो. तो धक्क्यावरच्या काठीचा दिवा नव्हे. मोठ्या नौकेवर जनरेटर, त्यावर ओळीनं एलईडीचे झोत, काही तर पाण्यात बुडवलेले. एक नौका उजेड धरून तासन्‌तास थांबते, मैलभराचं पाणी त्या उजेडाकडे गोळा होतं, आणि दुसरी नौका भोवती जाळं टाकून तोंड आवळते. त्यात माकूल येतं, बांगडा येतो, आणि ज्यांनी अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत अशी पिल्लंही येतात. धक्क्यावरचा माणूस एका वेळी एक जीव ओढतो, हात दुखले की घरी जातो. नौकेचा हात दुखत नाही.

हे बेकायदा आहे, बरं का. केंद्र सरकारनं १० नोव्हेंबर २०१७ ला देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी आणि इतर कृत्रिम दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्रानं आपल्या १९८१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून दंड लाखांत नेला. तरी दिवे पेटतात. बारा सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द, त्यापलीकडे दोनशे मैलांपर्यंत केंद्राची, आणि झगमगाट या दोन्हींच्या मधल्या फटीत सरकत राहतो. साऱ्या जगात हेच. अर्जेंटिनाच्या हद्दीबाहेर माकुलासाठी जमणाऱ्या जहाजांचा उजेड अंतराळातून काढलेल्या रात्रीच्या चित्रांत एखाद्या शहरासारखा दिसतो.

आणि हे दिवे विझवा म्हणून मोर्चे कुणी काढले, उपोषणं कुणी केली? मालवण-रत्नागिरीच्या पारंपरिक मच्छीमारांनी. ज्यांना आमचा गट राक्षस म्हणतो, त्यांनीच. रापण ओढणारे, छोट्या होडीवाले, आणि टोपलीत मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्या त्यांच्या बायका. त्यांनी ते अहिंसेसाठी केलं नाही, पोटासाठी केलं, मान्य. पण समुद्रातून किती घ्यायचं याला मर्यादा हवी, पावसाळ्यात जून-जुलैत जाळं वर ठेवायचं, पिल्लू सोडायचं, ही भाषा आज कोण बोलतंय? आपल्याकडे या भाषेला परिग्रह-परिमाण म्हणतात. अणुव्रतातलं पाचवं. आपण ते व्रत पूजेच्या वेळी म्हणतो. समाजाच्या किती सभांत कुणी आपल्या धंद्याची मर्यादा जाहीर केल्याचं तुम्ही ऐकलंय? मी पस्तीस वर्षांत ऐकलेलं नाही. माकूल गोठवून परदेशी जातं, त्यात बर्फाचा कारखाना आहे, शीतगृह आहे, कर्ज आहे, व्याज आहे. त्या साखळीत कुणाकुणाचे पैसे फिरतात हे बघायला बसलो तर गटावर एवढे हात जोडलेले राहणार नाहीत. पैशाला वास येत नाही. मासळीला येतो, म्हणून आपण नाकाला पदर लावून कोळणीच्या बाजूनं जातो आणि तेवढ्यानं धर्म झाला असं धरतो.

सप्टेंबर २०१५ मधली गोष्ट आठवते? पर्युषणात मुंबईत मांसविक्रीवरच्या बंदीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मग मासळीला बंदी का नाही, असा प्रश्न आला. तेव्हा सरकारी बाजूनं उत्तर दिलं की मासळी पाण्याबाहेर काढताक्षणीच मरते, तिची कत्तल होत नाही. ज्या जिवाची जैनांच्या नावानं एवढी चर्चा चालली होती, त्याचं मरण मरणात धरलं जात नव्हतं, आणि आपल्या पुढाऱ्यांपैकी कुणी त्यावर 'अहो, हे काय बोलता' म्हणाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. चार दिवस दुकान बंद झालं की आपण जिंकलो. जीव वाचले की नाही हा विषयच नव्हता. बंदीनं दुसऱ्याचं ताट हलतं, आपलं काही हलत नाही, म्हणून बंदी एवढी आवडते.

आता घरचंच. माझ्या एका पुतण्यानं मागच्या हिवाळ्यात मित्रांबरोबर कोकणात जाऊन हा खेळ खेळला. हो, खेळ. भाड्यानं गळ मिळतो, डोक्याला बांधायचा दिवा मिळतो, शिकवायला माणूस मिळतो. मला कळलं तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, "काकू, आम्ही खाल्लं थोडंच? फोटो काढला आणि परत पाण्यात सोडलं." घरात सगळ्यांना हुश्श झालं. खाल्लं नाही ना, मग झालं. त्याची आई तर म्हणाली, मुलानं कांदासुद्धा खाल्ला नाही तिथं!

मी तिथंच भांडले आणि इथंही भांडते. श्रावकाची हिंसा चार प्रकारची सांगितली आहे : आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. चूल पेटवताना, घर झाडताना जी होते ती आरंभी. धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःच्या, दुसऱ्याच्या रक्षणासाठी होते ती विरोधी. गृहस्थाला या तिन्ही पूर्ण टळत नाहीत, त्यानं त्या कमी करत जायचं. चौथी, ठरवून केलेली, मात्र पहिल्या पायरीवरच सोडायची. कोळ्याचा धंदा आपल्या दृष्टीनं निषिद्धच, शास्त्रात त्याला सूट नाही. पण त्याच्या मागं भूक तरी आहे, मुलाची फी आहे. आमच्या चिरंजीवांच्या मागं काय होतं? मजा. ज्या जिवाशी वैर नाही, ज्याची गरज नाही, ज्याला खायचंही नाही, त्याला केवळ हिसका कसा बसतो हे बघण्यासाठी आकड्यावर ओढणं, हे संकल्पी नाही तर काय आहे? आणि 'परत सोडलं' म्हणजे काय? माकुलाची कातडी ओल्या कागदासारखी नाजूक. आकड्यांतून सोडवताना हात फाटतात. काळोखात ते पाण्यात पडतं आणि आपण दुसरीकडे तोंड करतो, म्हणून ते जगलं. छान!

इथं आमच्या पाठशाळेचे शास्त्रीजी मला सोमदेवसूरींचं वचन ऐकवतील, म्हणून मीच आधी काढते. यशस्तिलकात, म्हणजे इसवी सन ९५९ च्या ग्रंथात, सोमदेव म्हणतात त्याचा आशय असा : काठावर बसलेल्या धीवराला दिवसभर एक मासा मिळाला नाही तरी तो पापी, आणि नांगराखाली असंख्य जीव मरतात तरी शेतकरी तसा पापी नाही, कारण दोघांचं चिंतन वेगळं. हे वचन आपल्याकडे कोळ्यांच्या तोंडावर फेकायला फार सोयीचं आहे. पण फेकण्याआधी उलटून बघा. पाप चिंतनावर मोजायचं ठरलं तर पुतण्याचं चिंतन कुठं होतं? आणि तंदुलमत्स्य कशाला शिकवला आपल्याला? स्वयंभूरमण समुद्रातल्या महामत्स्याच्या कानात राहणारा तो तांदळाएवढा जीव. महामत्स्याच्या उघड्या तोंडातून मासे आत-बाहेर करतात, आणि हा बघून चरफडतो, मी असतो तर एकालाही सोडलं नसतं. एक मासा न मारता सातव्या नरकात गेला. मोबाइलवर दुसऱ्याचं मरण बघत 'यांना असंच उलटं टांगलं पाहिजे' असं लिहिणाऱ्या दोन श्राविका मला ठाऊक आहेत. नावं सांगत नाही.

शिवाय त्याच सोमदेवांनी त्याच ग्रंथात मृगसेन धीवराची कथा सांगितली आहे, ती कुणी सांगत नाही. अवंती देशातली कथा, म्हणजे आपल्या शेजारची, उज्जैन तर शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातच होतं. मृगसेन जाळं घेऊन निघालेला, वाटेत मुनिमहाराज भेटतात. महाराज त्याला राक्षस म्हणत नाहीत. जाळं फेकून दे असंही म्हणत नाहीत, कारण उद्या त्याच्या घरी चूल पेटायची आहे हे त्यांना समजतं. एवढंच मागतात : जाळ्यात पहिला येईल तो जीव सोडून दे. तो एका माशाला खुणेची चिंधी बांधून सोडतो, आणि दिवसभरात पाच वेळा तोच मासा जाळ्यात येतो. पाचही वेळा सोडतो. रिकाम्या हातानं घरी गेल्यावर बायको दार लावून घेते, रात्री बाहेर निजलेला असताना साप चावून मरतो. आणि पुढच्या जन्मी पाच संकटांतून वाचतो. आचार्य ज्ञानसागरांनी विसाव्या शतकात याच मृगसेनावर संस्कृतात 'दयोदय' चंपू लिहिला. हजार वर्षं आपले आचार्य एका कोळ्याला अहिंसेचा नायक करून ठेवतात आणि आपण त्याच्या वंशाशी दोन शब्द बोलायला तयार नाही. (मला त्या बायकोबद्दलही बोलायचं आहे. तिला सगळे कजाग म्हणतात. घरात दाणा नसताना नवऱ्याचं व्रत कुणाच्या पोटावर चालतं हे तिला विचारलं कुणी? पण तो वेगळा लेख.)

आता उजेडाकडे येते, कारण खरं भांडण तिथंच आहे. सूर्यास्ताआधी जेवायचं, इकडच्या आपल्या लोकांच्या बोलीत अन्थऊ, हे आपण का करतो? पुरुषार्थसिद्ध्युपायात अमृतचंद्राचार्यांनी प्रश्नच घेतला आहे की दिवा लावून जेवलं तर काय बिघडलं, आणि सांगितलं आहे की दिव्याच्या उजेडात अन्नात पडणाऱ्या बारीक जिवांची हिंसा टळणार कशी? दिवा जीव ओढतो, हे कोकणातल्या नौकावाल्याच्या आधी आपल्याला ठाऊक होतं. त्यानं त्या ज्ञानातून धंदा काढला, आपण त्यातून व्रत काढलं. आणि मग व्रत ताटापुरतं ठेवून बाकीची रात्र मॅरेज गार्डनला भाड्यानं दिली.

गेल्या पावसाळ्यानंतर आपल्या समाजातल्या ज्या लग्नांना तुम्ही गेलात ती आठवा. जेवण सूर्यास्ताच्या आत, पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापलेलं. फार छान. मग साडेसात वाजता जनरेटर सुरू. कमानीवर झोत, झाडांवर माळा, वरातीत डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका, ज्यांना आपण जेवायलाही शेवटी बसवतो. अकरा वाजता स्टेजच्या गालिच्यावर पंख तुटलेल्या किड्यांचा थर, आणि सकाळी झाडूवाला तो सुपलीनं भरतो. जाळं नाही म्हणून ती मासेमारी नाही एवढंच. चार इंद्रियांचे जीव आहेत ते, पाठशाळेतल्या तिसरीच्या मुलीला विचारा.

गोपाचलावर उरवाईच्या कड्यात नेमिनाथांची बसलेली भव्य मूर्ती आहे, तोमर राजांच्या काळात पंधराव्या शतकात कोरलेली. त्यांचं लांछन शंख, म्हणजे याच माकुलाच्या कुळातला जीव. पाहुण्यांना आपण हौसेनं ती दाखवतो आणि कथा सांगतो : जुनागडला वरात निघाली, लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या पशूंचं ओरडणं ऐकू आलं आणि नेमिकुमारांनी रथ फिरवला. त्यांना ऐकू आलं, कारण त्या वरातीत डीजे नव्हता. राजुलच्या त्यागावर आपण बायका गाणी म्हणतो, डोळे पुसतो, आणि संध्याकाळी तयार होऊन हजारो दिव्यांच्या कमानीखालून आत जातो.

हा उजेड भरतो कोण, तेही बोला. मुलीचा बाप. वरपक्षाकडून निरोप येतो, "लाइटिंग जरा ढंगानं करा, आमच्याकडचे लोक बघतील." एका ओळखीच्या घरात मुलीच्या लग्नाच्या सजावटीत आणि दिव्यांत एवढं गेलं की धाकटीचं बी.एड. वर्षभर मागे पडलं. त्या बापाला कुणी राक्षस म्हटलं नाही, मागणाऱ्यालाही नाही. उलट चित्रफीत निघाली, ड्रोननं वरून काढलेली, आणि त्याच गटावर फिरली. खाली तेच जोडलेले हात आणि 'अद्भुत'.

दिवसाची लग्नं व्हावीत असे ठराव आपल्या सभांनी कमी वेळा केलेले नाहीत. ते फायलीत आहेत. ठराव पुरुष करतात आणि पुढं आपल्याकडे बोट दाखवतात : बायकांना हौस असते. असेल. दागिना दिव्यात चमकतो, दुपारी नाही, हे मलाही कळतं. पण मग कोकणातल्या त्या माणसाला नावं ठेवायच्या आधी आपल्या घरातल्या मुलाच्या लग्नाला, मुलाच्या म्हणते मी, मुलीच्या नव्हे, आपण स्वतः सांगायचं की फेरे दुपारी होतील, झोत लागणार नाहीत, आणि वाचलेले पैसे मुलीकडून घ्यायचे नाहीत. वरमाईनं सांगितलं की होतं. मुलीच्या आईचं कोण ऐकतो?

मंडळाच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. ती चित्रफीत गटावरून काढा, हे एक. ती लगेच मान्य झाली, त्यात कुणाचं काही जात नव्हतं. दुसरी अशी की मंडळाच्या सदस्या रात्रीच्या झगमगाटी लग्नाला जाणार नाहीत, आहेर दुपारीच घरी नेऊन देतील. त्यावर बराच वेळ चहाच्या कपांचा आवाज आला. अध्यक्षाताई म्हणाल्या, "माँजी, इतकं ताणू नका, संबंध तुटतात." एकीनं विचारलं, मग वरातीचं काय करायचं. मी म्हटलं, दुपारी चारला काढा, घोडीलाही समोरचं नीट दिसेल. अजून आठ जणींनीच सह्या दिल्या आहेत. वही माझ्याकडे आहे, दौलतगंजला यायला जमत नसेल त्यांनी निरोप धाडावा, मी घरी घेऊन येईन. दिवसाउजेडी.